यष्टीमागचा डौल
(फरोख इंजिनियर यांच्या क्रीडाजीवनाचा अभ्यास)



दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरू लागली आणि शिवारात कपाशीची वेचणी जोरात आली, की आपल्या नांदगाव खंडेश्वरच्या मोकळ्या जागांवर सायंकाळी एक देखावा हमखास दिसतो. मुलांचे दोन संघ पडतात. प्रत्येकास फलंदाजी हवी असते. ती न मिळाल्यास निदान गोलंदाजी तरी हवी असते. या वाटणीत ज्याच्या वाट्यास काहीच उरत नाही, जो वयाने लहान किंवा अंगाने किरकोळ, अशा एखाद्या मुलास सर्व मिळून यष्टींच्या मागे उभे करतात. आपली जमीन काळी. पाऊस सरला की तिला भेगा पडतात. त्यामुळे चेंडू कधी घोट्याखालून सरपटत जातो, तर कधी एकाएकी तोंडावर उसळतो. तो अडला तर कोणी शाबासकी देत नाही. सुटला तर मात्र सारे मैदान त्या मुलावर ओरडते.

उरलेल्या मुलाची म्हणून समजली जाणारी ही जागा वस्तुतः संघातील सर्वांत कठीण जागा आहे, आणि तेथेही सौंदर्य निर्माण करता येते, हे ज्यांनी आपल्या खेळाने दाखवून दिले, त्यांत मुंबईचे फरोख माणेकशा इंजिनियर यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचा खेळ डौलदार होता, असे त्यांना पाहिलेला प्रत्येकजण सांगतो. हा डौल आला कोठून, आणि तो केवळ दिखाऊपणा होता की त्याच्या मुळाशी काही परिश्रम होते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

यष्टिरक्षकाचे काम

प्रथम हे काम नीट समजून घेऊ. कसोटी सामन्यात आजच्या नियमाने दिवसाला ९० षटके टाकली जातात, म्हणजे ५४० चेंडू. प्रत्येक चेंडूच्या वेळी यष्टिरक्षक खाली बसतो आणि चेंडूबरोबर उठतो. अर्थात दिवसाकाठी त्याच्या ५४० बैठका होतात. आपल्या अमरावतीत १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झाले; तेव्हापासून या भागातील तरुणांस बैठकांचे महत्त्व कोणी सांगावयास नको. परंतु आखाड्यातील बैठक आणि ही बैठक यांत एक भेद आहे. येथे प्रत्येक बैठकेच्या शेवटी डोळे, हात आणि मन ही तिन्ही एकाच बिंदूवर आणावी लागतात, आणि एका बैठकेची चूक पुढच्या दहा बैठकांनी भरून निघत नाही.

आता थोडे गणित करू. खेळपट्टीची लांबी २२ यार्ड, म्हणजे सुमारे २० मीटर. ताशी ८० किलोमीटर वेगाचा फिरकी चेंडू सेकंदास सुमारे २२ मीटर जातो. म्हणजे गोलंदाजाच्या हातून सुटल्यावर तो एका सेकंदाच्या आत फलंदाजापाशी पोहोचतो. अशा गोलंदाजास यष्टिरक्षक यष्टींना अगदी लागून उभा असतो. फलंदाजाची बॅट आणि त्याचे हातमोजे यांत अंतर असते अवघे दोन मीटरांच्या आसपास. ते तोडावयास चेंडूस सेकंदाचा सुमारे दहावा भाग पुरतो. उलट, डोळ्यांनी पाहून हात हलविण्यास मनुष्यास साधारणतः सेकंदाचा पाचवा भाग लागतो.

यावरून निष्कर्ष उघड आहे. बॅटची कड लागल्याचे पाहून मग हात हलविणारा यष्टिरक्षक तो झेल कधीच घेऊ शकणार नाही. त्याचे हात कड लागण्यापूर्वीच योग्य जागी असले पाहिजेत, आणि बोटे ताठ न ठेवता चेंडूबरोबर किंचित मागे घेतली पाहिजेत. प्रेक्षकांस वाटते की त्याने विजेच्या चपळाईने झेप घेतली. खरे पाहता त्याने झेप घेतलेलीच नसते. तो आधीच तेथे असतो. गोलंदाजाचे मनगट, चेंडूचा टप्पा आणि फलंदाजाचे पाऊल यांचे वाचन त्याने अगोदरच केलेले असते. जो वेळेपूर्वी पोहोचतो त्यास धावपळ करावी लागत नाही, आणि ज्यास धावपळ करावी लागत नाही त्याच्या हालचालीत आपोआप डौल येतो. इंजिनियर यांच्या खेळाची गुरुकिल्ली हीच होय.

बालपण व शिक्षण

फरोख इंजिनियर यांचा जन्म २५ फेब्रुवारी १९३८ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. हिंदुस्थानात क्रिकेट रुजविण्याचे श्रेय मुख्यतः पारशी समाजाकडे जाते. या देशातून इंग्लंडला खेळावयास गेलेला पहिला संघ पारशांचाच होता, आणि ते वर्ष होते १८८६. फरोख यांचे वडील व्यवसायाने डॉक्टर. वडील बंधू दारियस हेही उत्तम क्लब खेळाडू. मोठ्या भावाचे बोट धरून मैदानावर जाणे हीच या मुलाची पहिली शाळा. पुढे दादर पारशी कॉलनीच्या क्लबात त्यांच्या खेळास आकार आला.

आपल्यासारख्या मिशनरी शाळेच्या विद्यार्थ्यांस विशेष वाटावे असे, की त्यांचे शालेय शिक्षण माटुंग्याच्या, सालेशियन मिशनऱ्यांनी चालविलेल्या डॉन बॉस्को विद्यालयात झाले. पुढे सिनेनट म्हणून कीर्ती मिळविणारे शशी कपूर हे त्यांचे सहाध्यायी. इंजिनियर यांनी स्वतः सांगितलेली एक आठवण आहे. वर्गात या दोघांच्या गप्पा रंगल्या असता शिक्षकांनी रागाने खडू पुसावयाचे डस्टर शशी यांच्या रोखाने भिरकावले, आणि ते चेहऱ्यावर आदळणार तोच शेजारी बसलेल्या फरोख यांनी अलगद झेलले. या गोष्टीवरून वर्गात गप्पा माराव्यात असा बोध कोणी घेऊ नये! परंतु हात योग्य क्षणी योग्य जागी असण्याची सवय त्या वयातच त्यांच्या अंगी मुरली होती, एवढे त्यावरून दिसते.

स्थान मिळविणे आणि गमावणे

पुढे पोदार महाविद्यालयातून ते विद्यापीठाच्या संघात गेले. १९५८ साली वेस्ट इंडिजचा संघ येथे आला असता संयुक्त विद्यापीठ संघाकडून त्यांनी प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये पदार्पण केले. १ डिसेंबर १९६१ रोजी कानपूर येथे इंग्लंडविरुद्ध ते पहिला कसोटी सामना खेळले. येथपर्यंतची वाट सरळ वाटते. पुढची तशी नव्हती.

त्या काळी यष्टिरक्षकाच्या एका जागेसाठी अनेक समर्थ उमेदवार होते. मुंबईचे नरेन ताम्हाणे हे शांत, नीटस आणि अत्यंत भरवशाचे यष्टिरक्षक; २१ कसोटी सामन्यांत त्यांनी ५१ बळी टिपले होते. परंतु त्यांची फलंदाजी तोकडी. बुधी कुंदरन यांची फलंदाजी तर तुफानी; जानेवारी १९६४ मध्ये इंग्लंडविरुद्ध मद्रासला त्यांनी १९२ धावा काढल्या आणि त्या मालिकेत एकंदर ५२५ धावा जमविल्या. ती सर्व मालिका इंजिनियर यांना संघाबाहेर राहून पाहावी लागली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाविरुद्ध ही जागा इंद्रजितसिंहजींकडे गेली.

आपल्याहून दुसऱ्याचे काम चांगले होत असता आपली उमेद टिकविणे ही मोठी कसोटी होय. १९६५ साली न्यूझीलंडविरुद्ध मद्रासला संधी मिळताच इंजिनियर यांनी ९० धावा केल्या आणि नाशिकचे बापू नाडकर्णी यांच्यासह आठव्या जोडीसाठी १४३ धावांची भर घातली. तरीही जागा पक्की झाली नाहीच. १९६६-६७ च्या हंगामात वेस्ट इंडिजचा संघ आला तेव्हा पहिल्या दोन कसोटींत पुन्हा कुंदरन होते.

मद्रासची सकाळ

तिसरी कसोटी १३ जानेवारी १९६७ रोजी मद्रासला सुरू झाली. समोर वेस्ली हॉल आणि चार्ली ग्रिफिथ हे त्या काळचे अत्यंत धडकी भरविणारे वेगवान गोलंदाज. त्यांच्या साथीस गारफिल्ड सोबर्स आणि लान्स गिब्ज. डोक्यावर शिरस्त्राण घालण्याची प्रथा तेव्हा नव्हती. दिलीप सरदेसाई यांच्या साथीने इंजिनियर सलामीस उतरले आणि उपाहारापर्यंतच्या दोन तासांत त्यांनी नाबाद ९४ धावा काढल्या. कसोटीच्या पहिल्याच दिवशी उपाहारापूर्वी शतक पुरे करणे हा मान फारच थोड्यांस मिळालेला आहे. भारतीयांपैकी तो पुढे २०१८ साली बंगळुरूस शिखर धवन यांनी प्रथम मिळविला. इंजिनियर सहा धावांनी त्यास मुकले. पुढे १०९ वर ते बाद झाले.

या खेळीत केवळ धाडस नव्हते. मागे उभा राहून सहस्रावधी चेंडूंचा टप्पा वाचणारा मनुष्य पुढे येऊन बॅट हाती घेतो, तेव्हा तेच वाचन त्याच्या उपयोगी पडते. टप्पा लवकर ओळखल्यामुळे पाऊल लवकर पडते. पाऊल लवकर पडल्यामुळे हात मोकळे राहतात. यष्टिरक्षण आणि फलंदाजी या त्यांच्या ठायी दोन भिन्न विद्या नव्हत्या.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये लीड्स येथे भारतावर फॉलोऑनची नामुष्की आली असता दुसऱ्या डावात त्यांनी ८७ धावा केल्या. पतौडींच्या १४८ धावा आणि वाडेकरांच्या ९१ धावा यांसह भारताचा तो डाव ५१० पर्यंत गेला. सामना हरला, पण मान राहिला. १९६८ मध्ये न्यूझीलंडच्या भूमीवर भारताने परदेशातील आपली पहिली कसोटी आणि पहिली मालिका जिंकली, तेव्हा यष्टींच्या मागे तेच होते.

पोट आणि मान

येथे एका गंभीर विषयाकडे वळले पाहिजे. त्या काळी भारताकडून खेळणाऱ्यास मान पुष्कळ मिळे, परंतु पोट भरण्याइतका पैसा मिळत नसे. याचे सर्वांत करुण उदाहरण एका यष्टिरक्षकाचेच आहे. रत्नागिरीस जन्मलेले दत्ताराम हिंदळेकर १९३६ आणि १९४६ अशा दोन्ही वेळी इंग्लंडला गेलेल्या संघांचे प्रमुख यष्टिरक्षक होते. १९३६ साली लॉर्ड्सवर ते विजय मर्चंट यांच्याबरोबर सलामीस खेळले. १९४६ साली मँचेस्टरला शेवटच्या जोडीस रंगा सोहोनी यांच्यासह १३ मिनिटे तग धरून त्यांनी भारताचा पराभव टाळला. मुंबई पोर्ट ट्रस्टमधील बेताच्या पगाराची नोकरी एवढाच त्यांचा आधार होता. ३० मार्च १९४९ रोजी, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, पुरेशा औषधोपचाराअभावी त्यांचा मृत्यू झाला. देशाची यष्टी राखणाऱ्याच्या संसाराचे रक्षण करावयास कोणी नव्हते.

ही गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे इंजिनियर यांनी १९६८ साली इंग्लंडच्या लँकेशायर परगण्याकडून व्यावसायिक म्हणून खेळण्याचे का स्वीकारले, हे समजते. तेथे ते १९७६ पर्यंत नऊ हंगाम खेळले. जॅक बाँड यांच्या नेतृत्वाखाली आणि क्लाइव्ह लॉइड यांच्या सहवासात त्या संघाने १९६९ व १९७० मध्ये संडे लीग, तर १९७० ते १९७२ अशी सलग तीन वर्षे जिलेट चषक जिंकला. १९७५ साली तो चषक पुन्हा मिळविला. मँचेस्टरच्या लोकांनी या मुंबईकरास आपलेसे केले.

परंतु या निर्णयाचे मोलही त्यांना द्यावे लागले. १९७१ साली वेस्ट इंडिजला जाणाऱ्या संघात, मायदेशातील स्पर्धांत खेळले नाहीत म्हणून, त्यांचा विचार झाला नाही. सुनील गावसकर यांचा उदय ज्या दौऱ्यात झाला आणि भारताने वेस्ट इंडिजला त्यांच्या भूमीवर प्रथमच ज्यात नमविले, त्या ऐतिहासिक यशात त्यांचा वाटा नाही. मायदेशी न खेळणाऱ्यास राष्ट्रीय संघात घ्यावे काय, या प्रश्नास दोन बाजू आहेत. नियम सर्वांस सारखा असावा हे खरे. परंतु जो खेळ पोट भरत नाही त्याने खेळाडूस पोटासाठी दूर गेल्याबद्दल शिक्षा करावी, हेही न्यायाचे वाटत नाही. विद्यार्थ्यांनी यावर वादविवाद सभेत अवश्य विचार करावा.

ओव्हल, १९७१

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात इंग्लंडमधील कसोटींसाठी मात्र त्यांना बोलावणे आले. एरवी ते लँकेशायरकडून खेळत आणि कसोटीच्या वेळी भारतीय संघात दाखल होत. पहिले दोन सामने अनिर्णित राहिले. तिसरा ओव्हलवर होता. इंग्लंडने ३५५ धावा केल्या. भारताच्या डावात इंजिनियर यांनी ५९ धावा केल्या आणि एकनाथ सोलकर यांच्या साथीने डाव सावरला. भारताची मजल २८४ पर्यंत गेली.

मग आला भागवत चंद्रशेखर यांचा तो प्रख्यात हप्ता. बालपणी पोलिओने त्यांचा उजवा हात कृश झाला होता. त्याच हाताने ते असा वेगवान लेगब्रेक आणि गुगली टाकीत की फलंदाजास चेंडूची दिशा कळत नसे. त्यांनी ३८ धावांत ६ बळी घेतले आणि इंग्लंडचा डाव १०१ धावांत आटोपला.

आता या डावाचा धावफलक कोणी उघडून पाहिला, तर त्यात इंजिनियर यांच्या नावावर एकही झेल नाही आणि एकही यष्टिचीत नाही. म्हणजे त्यांनी काही केले नाही काय? येथेच यष्टिरक्षणाचे मर्म आहे. जो चेंडू फलंदाजास समजत नाही, तो यष्टिरक्षकासही सहज समजणारा नसतो. त्यातून फलंदाज आणि त्याची बॅट मध्ये आल्याने चेंडू क्षणभर दिसेनासा होतो. मागचा मनुष्य खात्रीचा असेल तरच असा गोलंदाज निःशंकपणे वाकडे-तिकडे चेंडू टाकू शकतो. मागे भगदाड असेल तर तो हात आखडतो. गोलंदाजाची निर्भयता ही अनेकदा यष्टिरक्षकाने दिलेली उसनी ठेव असते, आणि धावफलकात तिच्यासाठी रकाना नसतो.

१७३ धावांचे लक्ष्य भारताने सहा गडी गमावून २४ ऑगस्ट १९७१ रोजी गाठले. विजयाच्या वेळी इंजिनियर २८ धावांवर नाबाद होते. इंग्लंडमध्ये भारताने जिंकलेली ती पहिली कसोटी आणि पहिली मालिका होय.

उत्तरार्ध

त्यानंतरचा काळ त्यांच्या कीर्तीच्या भरतीचा. १९७१-७२ मध्ये ऑस्ट्रेलियात खेळलेल्या शेष जगाच्या संघात गावसकर आणि बेदी यांच्यासह त्यांची निवड झाली. १९७२-७३ मध्ये इंग्लंडविरुद्ध मायदेशी त्यांनी मालिकेत ४१५ धावा केल्या. मुंबईस ब्रेबोर्न मैदानावर काढलेल्या १२१ धावा ही त्यांची कसोटीतील सर्वोच्च खेळी. १९७३ साली त्यांना पद्मश्री हा किताब मिळाला. जानेवारी १९७५ मध्ये मुंबईच्या नव्या वानखेडे मैदानावर ते अखेरची कसोटी खेळले. त्याच वर्षी पहिल्या विश्वचषक स्पर्धेत पूर्व आफ्रिकेविरुद्ध नाबाद ५४ धावा करून त्यांनी सामनावीराचा मान मिळविला. एकदिवसीय सामन्यांतील भारताचा तो पहिला विजय.

एकंदर ४६ कसोटी सामन्यांत त्यांनी ३१.०८ च्या सरासरीने २६११ धावा केल्या, त्यांत दोन शतके आणि १६ अर्धशतके. यष्टींमागे ६६ झेल व १६ यष्टिचीत. आजच्या आकड्यांशी तुलना करता हे कोणास थोडे वाटेल. परंतु दिवसभर मागे उभे राहून पुन्हा नव्या चेंडूस सामोरे जाण्याचे दुहेरी ओझे वाहून हे साधले आहे, हे विसरू नये.

केसांस लावावयाच्या ब्रिलक्रीम या सुगंधी लेपाच्या जाहिरातीत ते झळकले होते. त्यामुळे विंचरलेले केस, हसरा चेहरा आणि ऐट एवढेच अनेकांच्या स्मरणात राहिले. परंतु केसांची ऐट मद्रासला हॉलच्या चेंडूस पुरी पडत नाही. दिखाऊपणा पाहणाऱ्याकडे लक्ष देतो. डौल चेंडूकडे लक्ष देतो, आणि पाहणाऱ्यास तो सुंदर दिसतो ही केवळ जोडीने मिळालेली देणगी होय. जुलै २०२५ मध्ये मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावरील एका प्रेक्षागृहास लॉइड आणि इंजिनियर या दोघांचे नाव देण्यात आले. परक्या गावाने असा मान नुसत्या ऐटीस दिला नसता.

उपसंहार

शेवटी पुन्हा आपल्या मैदानावर येऊ. आपले जिल्ह्याचे गाव अमरावती. तेथे १९९३ साली जन्मलेले जितेश शर्मा यष्टिरक्षक व फलंदाज म्हणून विदर्भाकडून खेळत पुढे गेले, आणि २०२३ साली चीनमधील हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत भारताकडून उतरले. २०२५ च्या आयपीएलमध्ये बंगळुरूच्या संघाकडून त्यांनी ३३ चेंडूंत काढलेल्या नाबाद ८५ धावा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. तेव्हा ही विद्या मुंबईकरांचीच, अशी समजूत करून घेण्याचे कारण नाही.

म्हणून विनंती एवढीच, की उद्या सायंकाळी संघ पडतील तेव्हा मागे उभ्या राहणाऱ्या मुलास उरलेला समजू नका. त्याच्या हाती जुने का होईना, पण हातमोजे द्या. त्याने चेंडू अडविला तर त्याचे नाव घेऊन शाबासकी द्या. आणि ज्याच्या वाट्यास ती जागा येईल त्याने मनात खंत धरू नये. भेगाळलेल्या जमिनीवरचा वेडावाकडा चेंडू ज्याने वाचला, त्यास पुढे कोणतीही खेळपट्टी परकी वाटणार नाही. सर्व मैदान ज्याच्या समोर असते, असा संघात तो एकटाच असतो; तेथून खेळ जितका दिसतो तितका इतर कोठूनही दिसत नाही.